खोडरबर

सौसरजवळच्या आमच्या सूतगिरणीत मशीनी चालू-बंद करणारा कंट्रोलरचा नवा डबा आला, तो एकट्या इलेक्ट्रिशियनलाच समजायचा. कानावर पेन्सिल अडकवून तो रोज माझ्या स्टोअरच्या खिडकीशी रजिस्टर भरत बसे. मशीनच्या मेमरीतला कोणता नंबर कोणत्या कामाला दिला, ते सारं त्यात.

"जामसांवलीच्या मंदिरात नंबरावर चपला ठेवतो ना भाऊ, तसंच हे. एका नंबरावर दोघाच्या ठेवल्या का घोटाळा."

चुकलं तर तो रेघ मारायचा, पुसायचा नाही. "पुसलं तं मागून येणाऱ्याले चूक दिसन कशी?"

एका दुपारी कापूस पिंजायची मशीन झाकण उघडं असतानाच सुरू झाली आणि साफसफाई करणाऱ्या बाईचा हात गेला. झाकणाचा नंबर त्यानं एका दिव्यालाही दिला होता. दिवा लागला, की मशीनला झाकण बंद वाटे. मी ते पान पाहिलं. तोच नंबर दोनदा, त्याच्याच अक्षरात.

चौकशीचा साहेब येणार त्या सकाळी तो खिडकीशी आला आणि त्यानं रजिस्टरचं ते पान उघडलं. मग म्हणाला, "भाऊ, खोडरबर आहे का?"

मी दिला. स्टोअरमधून सुई गेली तरी मी सही घेतो. त्या दिवशी घेतली नाही.