शहरबानूने सोडलेलं मशीन

श्रीवर्धनजवळच्या मोहल्ल्यात शहरबानू चोगले बायकांचे कपडे शिवते. नवरा मस्कतला. सहा वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा ती एकेचाळीस वर्षांची होती. तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार डायलिसिसचे: सकाळच्या एसटीने माणगाव, चार तास मशीनवर, संध्याकाळी परत.

शेजारच्या खाटेवर भागोजी असायचा. आतल्या गावचा भातशेतीवाला, जेमतेम तीन महिन्यांचा रुग्ण. लावणी उरकली त्या आठवड्यात शुक्रवारी तो आलाच नाही. एका हातात सुया होत्या, शहरबानूने दुसऱ्या हाताने त्याच्या घरी फोन लावला. त्याच्या बायकोने, राहीने उचलला.

"ताई, ते पडूनच हायत. पायात जीव न्हाय म्हनतात."

"खायला काय दिलंस त्यांना?"

"जेवन जातंय कुठं? शहाळ्याचं पानी देतेय, दिवसाला तीन-चार. शेजारचे आनून देतात. किडनीला बरं असतं म्हनाले."

शहाळ्याचं नाव ऐकताच शहरबानूने उशीवरून मान उचलली. शहाळ्यातलं पोटॅशियम बंद पडलेल्या किडनीला बाहेर टाकता येत नाही, ते हृदयावर जातं. तिलाही हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. एकदा चक्कर येऊन पडल्यावर कळलं.

"राही, शहाळं बंद. बसची वाट बघू नको, गाडी कर आणि आत्ता निघ."

शेजाऱ्याच्या टेम्पोतून भागोजीला आणलं तेव्हा त्याची नाडी हाताला लागत नव्हती. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पण मशीन एकही रिकामं नव्हतं. शहरबानूचे अजून दीड तास बाकी होते.

"माझं काढा," ती म्हणाली. "त्यांना घ्या."

भागोजी वाचला. शहरबानूला मात्र पुढचे तीन दिवस धाप लागत होती. राग तिला राहीचा नव्हता, शेजाऱ्यांचाही नव्हता. त्यांनी मायेनेच दिलं होतं.

मंगळवारी ती वॉर्डात म्हणाली, "जे आपल्याला ठोकर खाऊन कळलं, ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कळायला हवं."

अकरा जण तयार झाले. नवा रुग्ण आला की एक जुना त्याच्या घरी जायचा. पाणी किती, खाणं काय, सुया टोचायच्या हाताने ओझं का उचलायचं नाही, सगळं घरच्यांना समोर बसवून सांगायचा. कुणी डायलिसिसची पाळी चुकवली तर तासाभरात फोन.

मग श्रीवर्धनच्या बाजूला डायलिसिसची मशिनं मिळावीत म्हणून अर्ज. अलिबागला, जिल्ह्याच्या कचेरीत चार खेपा झाल्या. चौथ्या खेपेला साहेबांनी विचारलं, "तुम्ही कुठल्या संघटनेचे?"

शहरबानूने बाही वर केली. दंडावरची फुगलेली, सुयांनी खडबडीत झालेली शीर दाखवली. मागे उभ्या असलेल्या भागोजीनेही सदऱ्याची बाही सरकवली.

"आम्ही पेशंट आहोत, साहेब. दुसरं कुणी नाही."

साहेबांनी अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचला.

दीड वर्षाने श्रीवर्धनच्या बाजूला दोन मशिनं आली. तोवर अकरातले तिघे गेले होते. शहरबानूला घराजवळची पाळी मिळत होती, ती तिने कोंडाजी नावाच्या म्हाताऱ्याला दिली. त्याला घाटाची वळणं सोसत नव्हती. ती अजून माणगावलाच जाते.

किडनी प्रत्यारोपणाच्या यादीत तिचं नाव चार वर्षं आहे. फोन आला की लगेच मुंबई गाठायची. म्हणून ईदच्या गर्दीतही ती कुणाचं कापड अर्धवट कापून ठेवत नाही.