हाडातल्या म्हाताऱ्या पेशी

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर पडवीत बसून आमसुलांसाठी रातांबे फोडले. कापायचे मी, गर काढायचा बायकोने. दोघांचे हात लालभडक. तिचे ओठ मात्र पांढरे.

"रसाची सात पुटं द्यायची हां," ती म्हणाली. "तुम्ही चारावर उरकता, मग सोलं कोरडी पडतात."

"तू आहेस ना बघायला?" मी खेकसलो.

वर्षभर खेकसतच होतो. तिला रक्त होत नव्हतं आणि मी म्हणायचो, ही जेवत नाही. बीट उकडून घातलं, डाळिंबं आणली, लोखंडी कढईत अळू शिजवलं. लाल खाल्लं की रक्त वाढतं, हे आमचं चौथीपर्यंतचं शहाणपण. ती ताट सारायची. "मी काय गाभण म्हैस आहे?"

शेवटी रत्नागिरीत डॉक्टरीणबाईंनी हाडात सुई घालून तपासलं. म्हणाल्या, "काका, खाण्याचा दोष नाही. हाडात मूळपेशी असतात. त्या रक्त बनवतात, आणि स्वतःसारख्या नव्या मूळपेशीही. प्रत्येकीत जनुकं असतात, म्हणजे कामाच्या चिठ्ठ्याच. कुठली उघडायची, कुठली मिटायची, हे वयाने बिघडतं."

"म्हणजे पेशी संपल्या?"

"नाही, उलट गर्दी आहे. काम होत नाही."

"मग आमची ग्रामपंचायतच," मी म्हटलं. बायको हसली. मी चिडून बोललो होतो.

जुना हापूस छाटला की म्हाताऱ्या खोडालाही पालवी फुटते, माणसाला का नाही? बाई म्हणाल्या, मिटलेल्या चिठ्ठ्या उघडायची इंजेक्शनं आहेत, लागू पडली तर पडली. नाही पडली. एवढं शिकून 'पडली तर पडली'! ते मीही सांगितलं असतं. हिला आधी आणलं असतं तर, असं विचारलं, तेव्हा बाई कागद चाळत राहिल्या.

रातांबे फोडले त्याच संध्याकाळी तिला ताप भरला. तापाशी झगडायला रक्तात काही नव्हतंच. तिसऱ्या दिवशी दुपारी गेली. दिवस मावळायला अग्नी देऊन आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिठात घालून ठेवलेली रातांब्यांची सालं बाहेर काढली. भावजय धावत आली. "भावजी, सुतकात सोलं?"

"सूतक मला आहे, सोलांना नाही."

"लोक काय म्हणतील?"

"लोक वर्षभर बीटच सांगत होते."

खळ्यात प्लास्टिक अंथरलं. एकेक साल रसात बुडवून उन्हात पसरलं, आणि कावळे हाकायला काठी घेऊन बसलो. पहिलं पूट झालं.