गडवा म्हणजे?

आमच्या मामेसासऱ्यांच्या हाती रिकामी बादली दिली, तर नळापर्यंत पोचण्याआधी ते पोर्तुगालला जाऊन येतात. नालवाडीत राहून इतका परदेश हिंडलेला दुसरा माणूस वर्धा जिल्ह्यात नसेल. तहसिलीतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना एकच नाद : वस्तूचं नाव आलं कुठून? 'चावी, घमेलं, बादली, सारं जहाजातून उतरलं, जवाईबापू!' हे ते मला सांगतात तेव्हा मी कुलूपबंद दारापाशी उन्हात उभा असतो आणि चावी त्यांच्या हातात असते. सिंदीच्या बाजारात त्यांनी एकदा कोथिंबीरवाल्या बाईला विचारलं, आपल्याकडं हिले सांबार काऊन म्हणतात? 'घ्याचा असन तं घ्या, नाई तं बाजूले व्हा,' बाई म्हणाली. मामाजी बाजूला झाले आणि शेजारच्या बाईला विचारलं.

त्यांच्या मुलीसाठी, स्नेहलसाठी, रत्नागिरीचं स्थळ आलं तेव्हा मात्र घराला धडकी भरली. 'पाहुण्यायसमोर आज एकही शब्द सोडू नका,' मामींनी बजावलं. मामाजी पोहे येईपर्यंत खरोखर गप्प बसले. मग मुलाला ठसका लागला. 'स्नेहल, पाण्याचा गडवा आण वं!' मामी ओरडल्या. पाणी पिऊन मुलाने सहज विचारलं, 'गडवा म्हणजे तांब्या का?'

मामींनी डोळे मिटले. मामाजी तडक स्वयंपाकघरात गेले आणि हातात मावतील तेवढी भांडी घेऊन आले. सराटा उंच धरला. 'कालथा!' मुलगा म्हणाला. गंज दाखवला. 'टोप!' मामाजींना आनंद आवरेना. पोहे गार झाले, मुलीला काही विचारायचं राहूनच गेलं. ती दारात पोट धरून हसत होती, आणि मुलगा पुढचं भांडं ओळखायचं सोडून तिच्याकडे बघत राहिला. लग्न ठरलं.

गेल्या दिवाळीत ती पहिल्यांदा माहेरी आली. ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, 'बाबा, जरा बटाटे द्या ना.' या घरात आजवर आलूच शिजले होते. मी आणि मामी मामाजींकडे पाहू लागलो. बटाटाही पोर्तुगालच्याच जहाजातला, आता भाषण सुरू होणार! ते टोपलीशी वाकले, बराच वेळ चाचपून चांगले बटाटे निवडले, पंच्याने पुसून तिच्यापुढे ठेवले आणि 'हे घे बाई' एवढंच म्हणाले.

मग बाहेर माझ्याशेजारी येऊन बसले.

'रमली पोरगी तिकडं. चांगलं झालं.'

पंच्याची घडी घातली, मोडली, परत घातली आणि पुन्हा म्हणाले, 'चांगलंच झालं.'