मामीची झोप आणि मामाचा लेथ

निवृत्त झालेली माणसं कारखान्यातून घड्याळ घेऊन घरी येतात. माझा मामा लेथ घेऊन आला. लोखंड कातायचं ते यंत्र मोडीत निघालं होतं, पण मामा जन्माचा टर्नर. ते भंगारात जाताना त्याला बघवेना. त्यानं ते मागच्या खोलीत बसवलं आणि तेव्हापासून घरात काही मोडलं की त्याला आनंद व्हायला लागला.

अलीकडे मात्र लेथची मोटर मध्येच बंद पडायची. आधी छान चालायची, मामा कामात रंगला की गप्प. थोड्या वेळानं परत शहाण्यासारखी सुरू. मामानं स्विच बदलला, कपॅसिटर बदलला, पट्टा सैल केला, व्होल्टेजला शिव्या घातल्या. शेवटी खापर माझ्यावर फुटलं, कारण मी वरच्या मजल्यावर इस्त्री करते!

मोटर थांबली रे थांबली की मामी दारात हजर. दुपारच्या झोपेतून उठलेली, केस विस्कटलेले, कपाळाला आठ्या.

"पडला बंद?"

"झोपमोड झाली का गं?" मामा ओशाळून विचारायचा.

"झाली!"

शेवटी मामीचा पारा चढला. "रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय. तोवर नीट चालला तर ठीक, नाहीतर जाऊ दे एकदाचा."

मामाचा चेहरा खर्रकन उतरला. मला त्याची दया आली. मामीची जास्त आली, कारण लेथ गेला की मामा स्वयंपाकघरात शिरणार होता.

शनिवारी दुपारी मी ओळखीच्या वायरमनला घेऊन आले. मामानं मोटरभोवती एक लाकडी खोका ठोकला होता. मोटर नुकतीच बंद पडली होती आणि मामीही येऊन उभी होती. वायरमननं खोक्याच्या फटीत बोट घातलं आणि झटकन बाहेर काढलं.

"केवढी तापलीय! जास्त तापली की ती आपोआप बंद पडते, काका. तुम्हाला हे मी सांगायचं? उघडा तो खोका."

"खोक्याला हात लावायचा नाही," मामा आडवा आला. "लोखंडाचा कीस आत जाईल."

रोग काय आहे हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं, स्विच-कपॅसिटर बदलणं नुसतं दाखवायला होतं, ते त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. मामीनं त्याला बाजूला सारलं आणि झाकण उचकटलं.

आत मोटरला चारी बाजूंनी गुंडाळलेली मामीची हिरवी दुलई!

"अहो, हिच्यासाठी मी लाँड्रीवाल्याशी भांडले!"

"आवाज कमी व्हावा म्हणून घातली," मामा पुटपुटला. "तुझी झोप मोडते ना."

मामी कपाळाला हात लावून स्टुलावर बसली. "आवाजानं कुठे मोडते? आवाज थांबला की मोडते. तुम्हाला शॉक बसला की काय, म्हणून धावत येते मी. रोज छातीत धडधडतं माझ्या. म्हणून तर म्हटलं, नको तो लेथ."

वायरमन उगाचच हत्यारं आवरू लागला.

रविवारी दुपारी भंगारवाला आला तेव्हा उघडी मोटर घर दणाणून सोडत होती. मामीच्या कपाटाची पितळी मूठ केव्हाच तयार होऊन बाकावर पडली होती आणि लेथ नुसताच रिकामा फिरत होता. त्या गोंगाटात मामानं ओठांवर बोट ठेवून भंगारवाल्याला गप्प केलं.

"काम झालंय ना?" मी त्याच्या कानाशी ओरडले. "मग बंद कर की!"

"ती उठली की करतो," मामा म्हणाला.