टेकायची भिंत

कोसाडच्या आमच्या घरात, आतल्या खोलीत, पलंगामागच्या भिंतीवर दोन चौकोन रंगवून ठेवले होते. एक बदामी, एक आकाशी. पेंटर म्हणाला होता, आठवडाभर बघा, मग सांगा. बदामी माझा, आकाशी बायकोचा. हजीऱ्याच्या कारखान्यातून कंपनीची बस पकडून घरी आलो, की बूट काढेपर्यंत प्रश्न यायचा, "मग, ठरलं का?" खरं सांगायचं तर मला कुठलाही चालला असता. पण एकदा बदामी म्हणून बसलो होतो, आता मागे कोण हटणार!

खोली आईची. वडील गेल्यावर तिला अमरावतीकडच्या गावाहून इकडे आणलं, पण ती काही रुळेना. पाहुणी आल्यासारखी पलंगाच्या काठावर ताठ बसायची. कपड्यांची पिशवीसुद्धा रिकामी केली नव्हती. रंग तिच्या आवडीचा दिला तर मन लागेल, असं आम्हाला वाटलं. तर ती म्हणायची, "तुमचं घर हाये, मले कायले विचारता?" या उत्तराचा मला वीट आला होता.

शनिवारी बायकोने हाक मारली. बदामी चौकोनावर तेलाचा गोल डाग. "बघा तुमचा बदामी! आत्ताच कळकट झाला." दिवसभर उभं राहून माझे पाय भरून आले होते, त्यात हे. मी चिडून आईला विचारलं, तशी ती पदराने भिंत पुसायला लागली. डाग आणखी पसरला.

"मीच टेकली होती," ती म्हणाली.

गावी जेवण झालं की ती भिंतीला डोकं टेकून बसायची. केसांच्या तेलाने तिथली भिंत काळी पडली होती. इथे आल्यापासून मात्र ती कधी टेकलेली दिसली नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"तुमची भीत खराब होईन म्हून आधी नाही टेकली. ह्याच्यावर तं नवा रंग माराचाच हाये. म्हटलं, तवर टेकून घ्याव. नवा झाला का मंग कुठं टेकता येते?"

बायकोच म्हणाली, "पेंटरला नको म्हणून कळवा."

चौकोन तसेच आहेत. संध्याकाळी आई बदामीला टेकते, मी शेजारी पाय लांब करून आकाशीला. आता तिथेही डाग पडलाय. परवा आईने पिशवी रिकामी केली आणि धुऊन वाळत घातली.