हौसाकाकूंचा समुद्र

हौसाकाकू माझ्या दुकानात आल्या की आधी स्टूल ओढून बसायच्या आणि बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायला घ्यायच्या. बेल्ह्यात माझं खता-औषधांचं दुकान आहे. बाकीची गिऱ्हाइकं पिवळं पान पुढ्यात टाकतात, "काय मारू?" विचारतात, मी सांगतो ते नेतात. काकू उलट मलाच विचारायच्या, "तुमी पीक बघितलं का?" मी नाही म्हटलं की बाटली माझ्याकडे सरकवायच्या. "आधी बघायचं, मंग वतायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझा सगळा धंदा लोकांनी आधी ओतण्यावर चालतो, तेव्हा ते मला किती गोड लागत असेल ते तुम्हीच ओळखा.

त्यांचे गुडघे गेले तेव्हा थोरल्या मुलानं, बाळासाहेबानं, द्राक्षबागेचा कारभार हातात घेतला आणि आईला सांगितलं, आता नुसतं बसून खायचं. त्यानं मायेनं सांगितलं असेल, पण काकूंना ते घरातून उठवल्यासारखं लागलं. पुढं मोतीबिंदूसाठी त्यांना पुण्याला नेलं. पट्टी निघाल्यावर त्यांना पहिल्यांदा स्वच्छ दिसलं ते दवाखान्याच्या बाकांसमोरचं काचेचं टाकं, समुद्राच्या पाण्याचं, आत नारिंगी मासे आणि जिवंत पोवळी. नवे डोळे घेऊन घरी आल्या त्या तसल्याच टाकीचा हट्ट धरूनच.

टाकी टेम्पोतून आली आणि सोप्यात बसली. गाव हसलं. मासा खायचा सोडून बघत कोण बसतं, आणि घाटावर समुद्र टिकतो का, असं पारावर चाललं होतं. काकूंपर्यंत ते पोचलं. "बगायला या म्हनावं, च्या पाजते," एवढंच त्या म्हणाल्या. फरशीवर सांडलेलं खारं पाणी पुसायचं काम सुनेकडे, मनीषाकडे आलं. ती फडकं जरा जोरात पिळायची.

बोअरचं पाणी जड, म्हणून फिल्टरच्या पाण्यात समुद्री मीठ कालवावं लागे. पोवळ्यांना वाढायला कॅल्शियम आणि सोडा लागतो. त्यांच्या दोन वेगळ्या बाटल्या होत्या; कॅल्शियम काकू हातानं घालायच्या आणि सोडा एक छोटा पंप दिवसातून एकदा, सकाळी, थोडा थोडा सोडायचा. ठिबकमधून वेलींना खत सोडतात तसंच हे, म्हणून काकूंना ते पहिल्याच दिवशी समजलं.

उन्हाळ्यात एका सकाळी टाकीतलं पाणी ताकासारखं झालं. हीटरवर, मोटरीवर पांढरा थर बसला, पोवळी मिटली. बाळासाहेब वैतागला होता. हे मेलं की टाकी विकायची आणि पुन्हा या घरात असलं काही आणायचं नाही, असं त्यानं माझ्यासमोर बजावलं. काकूंच्या हातात उरलेलं हे एकच काम होतं.

पाण्याची तपासणी केली तर कॅल्शियम कमी निघालं. पुण्याचा दुकानदार फोनवर म्हणाला, वाढवा. मीही मान डोलावली, दुसरं मला येतं काय? काकूंनी थोडं ओतलं आणि पाणी आणखी पांढरं झालं. त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"आता कुनाचंच आयकायची न्हाई. तुमचं बी."

खुर्ची टाकीसमोर ओढून त्या तिथंच बसल्या, जेवल्याही तिथंच. लाइट गेली, आली. ती येताच पंप गुरगुरला आणि सोड्याची धार सुटली. त्याची वेळ तर सकाळीच होऊन गेली होती. दुपारी पुन्हा लाइट गेली, आली, आणि पुन्हा तेच झालं. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"शेतातली मोटार ऑटोवर ठिवली आन् लाइट आली, तर काय व्हतं?"

"आपोआप चालू होते."

"ह्यो बी तसलाच. लाइट आली की ह्याला वाटतं, दिस उगवला."

आमच्याकडे लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको. दर खेपेला पंप अख्ख्या दिवसाचा सोडा ओतत होता. जास्तीच्या सोड्यानं पाण्यातलं कॅल्शियम धरून त्याचा चुना केला, म्हणून ते तपासणीत कमी दिसत होतं. खताच्या एकाच पिंपात कॅल्शियम आणि फॉस्फेट कालवलं की गाळ बसतो, हे इथल्या प्रत्येक बागाईतदाराला माहीत आहे. पण टाकीकडे बागेसारखं कुणी बघितलंच नव्हतं.

बाळासाहेब म्हणाला, इन्व्हर्टर बसवू. काकूंनी पंपाची पिनच उपटली. "लाइटीची मिजास मी न्हाई सोसायची." त्यांनी सलाइनची बाटली मागवली, खिळ्याला टांगली आणि नळीचं चाक फिरवून सोडा थेंबाथेंबानं सोडला. कॅल्शियम पहिल्यासारखंच रोज सकाळी स्वतःच्या हातानं घातलं. मोटरी व्हिनेगरमध्ये भिजवून साफ केल्या, पाणी थोडं थोडं बदललं. मासे वाचले. एक पोवळं गेलं, बाकीची उमलली. मेलेलं पोवळं त्यांनी रस्त्याकडच्या खिडकीत ठेवलं. लोक हसतील, मी म्हटलं. "हसू द्या. मेलं ते भाईर दिसतंय, जगलं ते बगायला आत यावं लागंल," त्या म्हणाल्या. मला त्या वेळी त्यांचा फार अभिमान वाटला.

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. दहाव्याला कावळा अडतो, मग घरचे एकेक वचन देत हात जोडतात, हे आम्ही जन्मभर बघत आलोय. इथं कुणी तोंड उघडायच्या आत कावळ्यानं घास उचलला. काकूंना कुणाचं वचन नकोच असणार.

बाळासाहेबाला मात्र हायसं वाटलं. घरी आल्यावर तो म्हणाला, आईची वासना कशात राहिली नाही, आता टाकी देऊन टाकू. मनीषा फरशी पुसत होती. ती उठून उभी राहिली.

"टाकी हालायची न्हाई."

"तुला त्यातलं काय कळतंय?" त्यानं विचारलं.

मनीषानं फडकं खांद्यावर टाकलं, सासूची खुर्ची टाकीसमोर ओढली आणि सगळ्यांच्या देखत तीत बसली.

"आधी बघू तर द्या."