चेहरा सोडून सगळं

आमच्या ह्यांच्याइतका शिष्ट माणूस गल्लीत दुसरा नाही, असं सगळे म्हणायचे, आणि म्हणणाऱ्यांत मी आघाडीवर. रस्त्यात कोणी हात केला तरी हे आपले नाकासमोर चालत पुढे. तोच माणूस दुकानात येऊन खुर्चीत बसला आणि ह्यांची बोटं त्याच्या केसांत गेली रे गेली, की लगेच, "काय, गुडघा बरा आहे का आता?" ह्यांचं केस कापायचं दुकान आहे. कोणाच्या डोक्यावर दोन भोवरे, कोणाच्या कानामागे टाक्यांची खूण, सगळं तोंडपाठ. मग रस्त्यातच काय होतं ह्यांना? विचारलं तर म्हणायचे, "लक्ष नव्हतं गं." मेलं ते लक्ष असतं तरी कुठे!

लेक आमची एकच. लाडाने चिमी म्हणतो. तिची वेणी मी नाही, हेच घालायचे, पार कॉलेजात जाईपर्यंत. पोरगी तशी वेंधळीच. शाळा सुटली की फाटकाशी दुसऱ्याच कोणाच्या आईचा हात धरून चालू लागायची. आम्ही पोट धरधरून हसायचो.

पुढे ती शिकायला दुसऱ्या शहरात गेली आणि तिकडेच लग्न ठरवून बसली. फोनवर बापलेकीचं जोरदार वाजलं. तरीही ती त्या मुलाला घेऊन आली, न कळवता, थेट दुकानात. मी मागे टॉवेलच्या घड्या घालत होते. चिमीने वेणी कापून टाकलेली, केस मानेच्याही वर. काही न बोलता नुसती हसत उभी राहिली. आणि हे काय म्हणाले? "बसा ताई, नंबर येईल."

ताई! पोटच्या पोरीला! होणाऱ्या नवऱ्यासमोर! चिमी पांढरीफटक पडली. वळली ती गेलीच. लग्न तिकडेच उरकलं. मला फोन करायची, पण ह्यांचं नाव काढलं की ठेवून द्यायची. हे शपथा घेऊन सांगत होते, "अगं, मला कळलंच नाही ती आहे म्हणून." कोण विश्वास ठेवणार? इकडे हे कुढतायत, तिकडे ती धुसफुसतेय, आणि मधल्यामध्ये माझा जीव टांगणीला.

मग विद्यापीठातल्या एक संशोधक बाई दुकानात येऊ लागल्या. त्या गपचूप खुर्चीत बसल्या की हे विचारायचे, "पहिल्यांदाच आलात?" आणि बोटं केसांत गेल्यावर, "अरे, तुम्ही होय!" दोन-तीनदा असं झाल्यावर बाईंनी मान वळवून विचारलं, "मला चेहऱ्यावरून नाही का हो ओळखत?"

"चेहऱ्यावरून कोण ओळखतं?" हे म्हणाले.

बाईंनी आम्हाला त्यांच्या प्रयोगशाळेत बोलावलं. तिथे संगणकावर फोटो दाखवले. केस, कान, सगळं काढून टाकलेले नुसते चेहरे. "एवढ्या सगळ्यांना कोणी भादरलं हो?" हे खवळूनच म्हणाले. एकही ओळखता आला नाही. मध्ये माझाही फोटो होता. तो हे बराच वेळ न्याहाळत बसले आणि म्हणाले, "ही बाई जरा रागीट दिसते." माझ्या तळपायाची आग मस्तकात!

बाईंनी समजावून सांगितलं. नजर चांगली, आठवण चांगली, फक्त चेहरा ओळखायचं मेंदूतलं काम जन्मापासून होतच नाही. ह्यांना वाटायचं, सगळ्यांचं असंच असतं. लाळेचा नमुना घेतला. बऱ्याचदा हे घराण्यात चालत येतं, पण नेमकं कुठल्या जनुकामुळे ते शास्त्रज्ञांनाही अजून सापडलेलं नाही, असं बाई म्हणाल्या. "मुलगी आहे ना? तिला आणा."

माझं डोकं पार भंजाळलं. म्हणजे इतकी वर्षं ह्यांनी संसार केला तो कोणाशी?

"मग मला कशावरून ओळखता?"

"चपला घासत चालतेस," हे म्हणाले.

रडावं की तीच चप्पल हातात घ्यावी, मला कळेना. ह्यांची दया येत होती आणि संतापही येत होता.

चिमीला फोन केला. "आता विज्ञान पुढे केलं का त्यांनी?" ती फणकारली. बाई स्वतः बोलल्या तेव्हा कुठे कबूल झाली. "पण आई, ऐकून ठेव. हे खोटं निघालं तर पुन्हा त्यांचं तोंड बघणार नाही."

त्या दिवशी सकाळी ह्यांनी मिशी उडवली. लहानपणी टोचते टोचते म्हणून चिमी ओरडायची ना! दुकानातला पांढरा कोट घरी ठेवून नवा शर्ट घातला. वरच्या मजल्यावर प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर ह्यांना बसवून मी चिमीची वाट बघत खाली फाटकाशी उभी राहिले. ती नेमकी मागच्या जिन्याने वर गेली. बराच वेळ झाला म्हणून मी धापा टाकत जिना चढले, तर दारातच फोन वाजला.

"आई, बाबा आलेच नाहीत. मला माहीत होतं. इथे एक काका बसलेत फक्त."

समोरच बाकावर ती बसलेली. शेजारी हे.

तिचा आवाज कानावर पडला तसं ह्यांच्या हातातलं वर्तमानपत्र गळून पडलं. घाईने उठायला गेले आणि तोल गेला. चिमीने फोन कानाला तसाच ठेवून त्यांचा दंड धरला. "बसा काका, बसा. बरं वाटत नाहीये का?"

ते मला फोनमधूनही ऐकू आलं आणि समोरूनही.

"चिमे," हे म्हणाले, "मी आहे गं."

पोरगी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली. कपाळ, डोळे, हनुवटी, सगळीकडे शोधत राहिली. मी चपला घासत पुढे झाले तशी तिने चटकन माझ्याकडे पाहिलं. मी 'हो' म्हणून मान हलवली.

"बाबा," ती कशीबशी म्हणाली, "मिशी कुठे गेली तुमची?"

"तुझी वेणी गेली तिथेच," हे म्हणाले, आणि ह्यांची बोटं तिच्या केसांतून फिरायला लागली.